ओला सव्वीसच्या वर

काका आधी वातीला पाणी लावायचे. मग दोन पावलं मागे सरकून, जवळ कोणी नाही ना हे बघून, मुठीत दांडी धरून दोन थर्मामीटरची ती फिरकी खांद्याशेजारी गरगर फिरवायचे. ओठ पुटपुटत असायचे, कारण साठपर्यंत मोजायचं असे. थांबले की चष्मा कपाळावर ढकलून आधी ओल्याचा आकडा वाचायचे, तो हातातल्या हातात बदलतो म्हणून, आणि मग कोरड्याचा. दोन्ही वहीत लिहून झाले की पेन खिशाला अडकवत म्हणायचे, "माहीत असणं वेगळं, मोजलेलं वेगळं. काय समजलीस?"

मला काही समजलं नव्हतं. समजलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

त्यांच्या तेराव्याला रहाटणीच्या फ्लॅटमध्ये आमच्या कंपनीतले पंधरा-वीस जण आले होते. त्यातला एक जण जेवता जेवता म्हणाला, "नशीबवान माणूस राव. गावच्या चांगल्या हवेत गेला." शेजारच्याने मान हलवली आणि आणखी भात मागितला. मी ताट खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले, नाहीतर त्याच्या तोंडावर काहीतरी बोलले असते. कसली डोंबलाची चांगली हवा. त्या हवेनेच माणूस नेला, आणि ती चांगली आहे असं कागदावर काढून देणारी मी होते.

पहिल्यापासून सांगते. चाकणला आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग रंगवते. काका माझ्या नात्यातले नव्हेत, तिथे पेंट शॉपचे सुपरवायझर होते आणि मी क्वालिटीत. रंग फवारताना हवा फार दमट असली तर वाळताना रंगावर पांढरी झाक येते आणि माल परत येतो. म्हणून दर दोन तासांनी ही फिरकी. एका पट्टीवर दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या टोकाला सुती वात, ती ओली करायची. हवा कोरडी असेल तर वातीतलं पाणी उडतं आणि तो थर्मामीटर खाली उतरतो. हवा दमट असली की उतरत नाही. आमच्याकडे नियम होता, ओला सव्वीसच्या वर गेला की लाइन थांबवायची. काका शेऱ्यात 'बंद' लिहायचे, त्यापुढे क्वालिटीची सही व्हायची, आणि मगच लाइन थांबायची. नुसत्या शेऱ्याने थांबत नसे, सही लागायची.

मी नवीन असताना पहिल्याच पावसाळ्यात ही वेळ आली. काकांनी 'बंद' लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली. तेवढ्यात प्लांटचे मोठे साहेब आले. माल जायचा होता, ट्रक उभा होता. साहेब मला म्हणाले, "मॅडम, एवढी माणसं काम करतायत ना आत? त्यांना चालतंय, मग रंगाला काय झालं?"

काका शांतपणे म्हणाले, "माणसांना चालतं साहेब. रंगाला चालत नाही."

मी सही केली. लाइन थांबली, आतली पोरं डोक्यापासून पायापर्यंत घातलेले ते प्लास्टिकसारखे झगे काढून बाहेर आली, आणि एकेकाच्या झग्यातून पाणी ओतावं तसा घाम पडला. मला तेव्हाच चीड आली होती. रंगासाठी थांबता येतं, ह्यांच्यासाठी नाही. काकांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "रंगाच्या नावाने का होईना, थांबले ना? मग सही करत जा." त्या दिवसापासून मी त्यांची लाडकी झाले.

आम्ही दोघं रहाटणीत राहायचो, दोन गल्ल्या सोडून, आणि कंपनीच्या एकाच बसने जायचो. मी लातूरकडची. उन्हाचा मला भारी अभिमान. आमच्याकडे बेचाळीस असतं, इथल्या अडतिसाला काय घाबरायचं, असं मी एकदा बसमध्ये मोठ्याने म्हणाले. काकांनी खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यात बुडवला आणि खिडकीच्या गजाला बांधला. तळवड्याच्या चौकापासून चाकणपर्यंत तो खडखडीत वाळला. "हा तुझा बेचाळीस," ते म्हणाले. "घाम येतो आणि उडून जातो, अंग गार राहतं. आमच्याकडे खाडीवर हाच रुमाल बांध. दिवसभर ओला राहील. मग आकडा तेहेतीस असला तरी माणूस आतून शिजतो. आकडा कुठला बघायचा ते कळलं पाहिजे. काय समजलीस?"

हे वाक्य लक्षात ठेवा. हे त्यांचं वाक्य आहे. त्यांना हे माहीत होतं.

फिरकी ते कुठेही काढायचे. स्वतःची एक जुनी फिरकी त्यांच्या पिशवीत कायम असे. मोशीच्या एका कार्यालयात लग्नाला गेलो होतो, तिथे जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी ती काढून फिरवायला सुरुवात केली. मुलीच्या वडिलांना वाटलं, कोकणातली काहीतरी दृष्ट काढायची पद्धत आहे. ते बिचारे हात जोडून उभे राहिले. काकांनी साठ आकडे पुरे केले, ओला वाचला, आणि गंभीरपणे म्हणाले, "दोन एक्झॉस्ट लावायला सांगा." वडिलांनी खरोखर सांगितले. आमच्या घरी पाडव्याला आले तेव्हाही स्वयंपाकघरात फिरवून गेले, आणि माझ्या आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही पुऱ्या तळू नका, मी श्रीखंड नुसतं खाईन." आई आजही ते सांगते आणि हसते.

त्यांचं गाव गुहागरकडे, खाडीच्या काठावर. सोळाव्या वर्षी बाहेर पडलेला माणूस, पण रिटायर झाल्यावर तिथेच जायचं हे पक्कं. घर बांधून झालं होतं. बसमधले सगळे त्यांना सल्ले द्यायचे. "भावा, गावाला जा, हवा चांगली," हे तर दर सोमवारी कोणीतरी म्हणायचं. काका म्हणायचे, "चांगली की वाईट, ते मोजून ठरवीन." आणि खरोखर मोजत होते. गावाला जातील तेव्हा दुपारी तीन वाजता फिरकी फिरवायची आणि एका वेगळ्या निळ्या वहीत लिहायचं. अशी सव्वीस वर्षं.

अडत होतं ते काकूंपाशी. काकू तळवड्याच्या, जुन्या गावकरी घरातल्या. ब्लडप्रेशरची गोळी चालू, शरीर जड. त्या मला म्हणायच्या, "मला न्हाई सोसत गं ती हवा. आंगाला लुगडं चिकटतं, जीव घाबरा व्हतो. गणपतीत आठ दिस ठीक हाय. जलमभर कोण ऱ्हाईल?"

काका म्हणायचे, "हिला माहीत आहे, पण हिने मोजलेलं नाही."

रिटायर व्हायच्या महिनाभर आधी त्यांनी ती निळी वही माझ्या टेबलावर ठेवली. "बाय, तू कॉम्प्युटरवर ह्याचा छान कागद काढून दे. कुठल्या महिन्यात ओला किती, ते हिला दिसू दे. सव्वीसच्या खाली आहे की नाही ते तिलाच ठरवू दे."

मी आकडे भरायला बसले. मार्च भरपूर होता, कारण ते शिमग्याला जायचे. ऑगस्ट-सप्टेंबर भरपूर, कारण गणपती. डिसेंबर-जानेवारीचे थोडे, घरातल्या कार्यांचे. एप्रिल, मे, जून आणि जुलै कोरे होते. ऑक्टोबरही. सव्वीस वर्षांत मे महिन्याचं एकही रीडिंग नव्हतं.

कारण मलाही माहीत होतं. मे महिन्यात आमचं वार्षिक शटडाउन असतं. सगळी कंपनी सुट्टीवर जाते आणि पेंट शॉपची माणसं टाक्या आणि रंग फवारायचे बूथ साफ करतात. काकांना मे महिन्यात गाव सव्वीस वर्षांत दिसलं नव्हतं. ऑक्टोबरात दिवाळीच्या गाड्यांची घाई, तेव्हा तर लग्नालाही सुट्टी मिळत नाही. कंपनीने त्यांच्याकडून मे घेतला आणि त्यांच्या वहीतूनही काढला. ह्याबद्दल रिटायरमेंटच्या दिवशी त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

तुम्ही म्हणाल, कोकणात मे महिन्यात घाम येतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अहो, काकांनाही ठाऊक होतं, मला रुमाल बांधून त्यांनीच दाखवलं होतं. पण आम्हा मोजणाऱ्यांची जातच तशी. वहीत नाही ते आम्ही धरत नाही. शिवाय त्यांच्या आठवणीतला मे हा सोळा वर्षांच्या पोराचा, कौलारू घरातला होता. आता तिथे स्लॅबचं घर होतं, सरकत्या काचांच्या खिडक्यांचं, रहाटणीतला फ्लॅट उचलून खाडीवर ठेवावा तसं.

कॉम्प्युटरने मला विचारलं होतं. खरंच विचारतो तो. रिकाम्या जागा तशाच ठेवायच्या की रेघेने जोडायच्या, असा पर्याय येतो. रेघ तुटक दिसत होती, फार वाईट दिसत होती. घरी जायची घाई होती, बस सुटायची होती. मी 'जोडा' दाबलं. मार्चच्या ठिपक्यापासून ऑगस्टच्या ठिपक्यापर्यंत एक शांत, सरळ रेघ गेली. मे महिना पंचविसाच्या आसपास, अगदी सुखाचा. रंगीत प्रिंट काढली. त्या दिवशी माझा हात मोडला असता तर बरं झालं असतं.

काकूंनी तो कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. मला विचारलं, "ही सव्वीसची लाल रेघ, आन ही खालची आमची?"

"हो," मी म्हणाले.

"मंग बरंय. पोरीनं काढलंय म्हंजी खरंच आसंल." आणि त्या तयार झाल्या. नोव्हेंबरात दोघं गावाला गेले. फ्लॅटमध्ये त्यांची मुलगी आणि जावई राहायला आले.

थंडी छान गेली. काकांचे फोन यायचे, पोफळीची रोपं लावली, खाडीत मासे बरे मिळतात. शिमग्यात तर मला पालखीचे फोटो आले. मग एप्रिलच्या मध्यात काकूंचा फोन आला, दुपारी, मी कामावर असताना. आवाज बारीक झाला होता.

"तुला इचारायचं व्हतं. झोप न्हाई लागत. पंखा गरम हवा टाकतो, दोन दिस लाइट न्हाई. काल मोरीत चक्कर आली. तुज्या कागदावर तर आसं काय दिसत न्हाई गं."

काकूंना काहीतरी थातूरमातूर सांगितलं आणि लगेच काकांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. वहीत मे नव्हता, एप्रिल नव्हता, मी रेघ जोडली होती.

मग ते म्हणाले, "म्हणजे मोजलेलं नव्हतं?"

"नाही काका."

"कोरं ठेवायचं होतंस."

मला राग आला. चूक माझी आणि राग मलाच आला. मी म्हणाले, "वही तुमची होती. तुम्हाला दिसलं नाही का, मे कुठून आला?"

"दिसलं," ते म्हणाले. "मला वाटलं, तू शिकलेली आहेस, काही गणित करून काढलं असशील. आणि मला ती रेघ तशीच हवी होती, बाय. म्हणून विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकूंना चिंचवडला येणाऱ्या एसटीत बसवलं. काकूंनी नंतर सांगितलं, गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "तुझी लाइन बंद. मी मागून येतो." रात्री मी फोन केला, तुम्ही का नाही आलात? तर म्हणे, "मे कोरा आहे ना. तो भरतो आणि येतो. अर्धवट वही घेऊन मी हिच्यासमोर कसा उभा राहू?"

"वही गेली खड्ड्यात," मी ओरडले. शेजारचे लोक बघायला लागले इतकी. "तुम्हाला माहीत आहे तिथे काय होतं ते. तुम्हीच शिकवलंत मला. उद्याच्या गाडीने या."

"मी सव्वीस वर्षं रंग भाजायच्या ओव्हनच्या तोंडाशी काढली आहेत. मला काय होतंय?"

"ओव्हन कोरडा असतो काका."

हे ऐकून ते हसले. खूश झाले, खरं सांगते, विद्यार्थिनीने बरोबर उत्तर दिल्यासारखे. म्हणाले, "बरोबर. पण माहीत असणं वेगळं." पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही, फोन आपटला. त्यानंतर महिनाभर रागाने मी त्यांना फोन केला नाही. मुलगी दोनदा आणायला निघाली, तर "मे संपला की येतोच आहे" म्हणून त्यांनी तिला थांबवलं. काकू रोज फोनवर भांडायच्या. मी काय करत होते, तर रुसून बसले होते. तो राग कोणावर काढू ते मला आजही कळत नाही. त्यांच्यावर काढावा तर ते नाहीत.

एकोणीस मेला संध्याकाळी शेजारच्या माणसाचा फोन आला. काका पडवीत खाली बसलेले सापडले, खांबाला टेकून. वीज सकाळपासून नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. हवा लिहायला त्या कागदावर रकाना नसतो.

तेराव्याला लोक जेवून गेले. "चांगल्या हवेत गेला" म्हणणाराही गेला. मी गॅलरीतून आत आले तेव्हा काकू पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी उशीखालून ती निळी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "लेकीनं सामानात आणली. मला वाचता येतं, पन तुज्याकडून ऐकायचंय."

मी मे महिन्याचं पान उघडलं. एवढी वर्षं त्या वहीत तारीख, ओला आणि कोरडा असे तीनच रकाने होते. ह्या पानावर त्यांनी पट्टीने पाच आखले होते, कंपनीच्या वहीसारखे. तारीख, ओला, कोरडा, शेरा, सही.

एक मे, ओला साडेसत्तावीस. शेरा, बंद. दोन मे, अठ्ठावीस. बंद. तीन मे. बंद. अक्षर तेच, पेंट शॉपमधलं, सरळ आणि ठसठशीत. अठरा तारखेपर्यंत अठरा ओळी, आणि अठराही ओळींत बंद. सहीचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

काकूंनी बोट ठेवून विचारलं, "हितं कोन करतं सही?"

"मी करायचे, काकू."

"मंग थांबतं?"

"हो. मग थांबतं."

मला वाटलं होतं रडतील, ओरडतील, त्या कागदाबद्दल मला दोन शब्द सुनावतील. सुनावायला हवे होते. मी त्यासाठीच थांबले होते. त्यांनी फक्त पान माझ्याकडे सरकवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट नेलं.

एकोणीस मे. ओला, साडेएकोणतीस. नेहमीप्रमाणे आधी ओला वाचला होता. पुढे कोरड्याची जागा मोकळी, शेऱ्याची मोकळी, सहीची मोकळी.

"ह्ये ऱ्हाईलंय त्यांचं," काकू म्हणाल्या. "भर."

मी पर्समधून पेन काढलं. कोरड्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही. तो मोजलेला नव्हता, कोरा ठेवायचा. पण लाइन थांबवायला कोरडा लागत नाही, ओला सव्वीसच्या वर असला की पुरतं. मी शेऱ्यात 'बंद' लिहिलं आणि पुढे माझी सही केली. पेन इतकं दाबलं गेलं की जूनच्या कोऱ्या पानावर सगळं उमटलं.